आमचा सोपा देशाच्या मंडपात

आमच्या घराचा सोपा एकदा परदेशी जाऊन आला. घर इथंच होतं, कोल्हापुरात मंगळवार पेठेत, आणि आम्हीही इथंच होतो. सोपा तेवढा गेला. हे सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडं बघतात आणि मग हळूच विषय बदलतात. म्हणून एकदा सगळं नीट सांगून टाकते. नंतर मला कुणी विचारू नये.

सोपा म्हणजे रस्त्याकडची पहिली खोली. मुंबईकडं तिला हॉल म्हणतात, पेपरवाले दिवाणखाना म्हणतात, पण आमच्या त्या एवढ्याशा खोलीला दिवाणखाना म्हणायला जीभ वळत नाही. तिथं एक लोखंडी कॉट होती, आजोबांची लाकडी आरामखुर्ची होती, क्रोशाच्या झाकणाखाली टीव्ही होता आणि मनात येईल तेव्हा चालणारं घड्याळ होतं. भिंतीवर वडिलांनी काढलेलं गगनबावड्याच्या घाटाचं चित्र होतं. त्यात धुकं इतकं होतं की घाट आहे हे आल्यागेल्याला सांगावं लागायचं. खुंटीवर वडिलांचा रोजचा शर्ट, आणि कोपऱ्यात काचेचं शोकेस. शोकेसमध्ये ताईला पळण्यात मिळालेले कप, कापसाचा एक पोपट, आणि मधल्या फळीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला गुलाबी फेटा. तो फेटा कधीच कुणाच्या डोक्याला लागला नव्हता. त्याला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती.

तो फेटा थोरल्या काकांचा होता. थोरले काका म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ. राहायला कसबा बावड्यात. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभा जन्म गेलेला, त्यामुळं रांगेतल्या शेवटच्या गाडीवानाला ऐकू जाईल असाच आवाज. आजोबा लवकर गेले तेव्हा काकांनी स्वतःची शाळा सोडली आणि धाकट्या भावाला शिकवलं. वडील ड्रॉइंगचे मास्तर झाले ते काकांच्या जिवावर. हे काकांनी कधी बोलून दाखवलं नाही आणि वडील कधी विसरले नाहीत.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ताईचं लग्न झालं. मंडप दारातच, गल्ली अडवून घातला होता. आमच्याकडं लग्नात भात करपला तर लोक हसून सोडून देतात, फेटा कमी पडला तर नातवंडांना सांगतात. फेटे बांधणारा खुर्ची टाकून बसला होता आणि नवऱ्याकडचे पावणे एकेक डोकं पुढं करत होते. मामा झाले, चुलते झाले, मग मामांचे मित्र झाले. काका आपली पाळी येईल म्हणून बाजूला शांत उभे होते. त्यांची पाळी आली तेव्हा फेटेवाल्यानं पेटी उलटी करून दाखवली. वडिलांना हे कळलं तसा त्यांनी दुकानाकडं माणूस पळवला, पण तोवर पंगत बसली होती. काका पंगतीत बसले. दोन्ही बाजूंना फेटे, समोर फेटे, आणि मधे काकांचं टक्कल. मसालेभात वाढून झाला होता. काकांनी ताटाला नमस्कार केला आणि ते उठले. त्यांची एम-एटी गाडी गल्लीच्या तोंडाला वळली आणि दुसऱ्या बाजूनं फेटा आला.

दुसऱ्या दिवशी वडील तो फेटा घेऊन बावड्याला गेले. काकांनी घेतला नाही. त्यानंतर काका स्वतः आले, दारासमोर गाडी उभी केली आणि गाडीवरून न उतरता म्हणाले, "धाकट्या, तुझ्या सोप्यात ह्या जल्मात पाय ठिवणार न्हाय." अख्ख्या गल्लीनं ऐकलं. घरात बोललेलं माघारी घेता येतं. गल्लीत बोललेलं माघारी घ्यायचं म्हटलं तर पेठेत तोंड दाखवायला जागा उरत नाही. वडिलांनी फेटा शोकेसमध्ये ठेवला आणि शोकेसला कुलूप लावलं.

मग वर्षामागून वर्षं गेली. वडील दर सणाला बावड्याला जाऊन पाया पडून यायचे. काका त्यांना चहा पाजायचे, उसाचं बोलायचे, पावसाचं बोलायचे, आणि निघताना वडिलांनी "या की एकदा घराकडं" म्हटलं की आभाळाकडं बघायला लागायचे. आपल्या थोरल्या भावानं एकदा येऊन आपल्या सोप्यात बसावं, एवढंच वडिलांना हवं होतं. ते जेवताना तसं बोलूनही दाखवायचे. आई म्हणायची, आमटी निवायला लागलीय.

आमच्या मागच्या खोलीत पूर्वी एक बिऱ्हाड होतं. त्यांची मुलगी वडिलांकडं चित्रं शिकायची. ती पुढं दिल्लीला गेली आणि चांगली नावाजलेली चित्रकार झाली. नवं शतक लागून काही वर्षं झाली होती, तेव्हा एक दिवस ती दोन मदतनीस घेऊन आमच्या दारात उभी राहिली. तिनं समजावून सांगितलं ते मला कळलं तसं सांगते. परदेशात एका शहरात सगळ्या जगाच्या कलेचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथं प्रत्येक देशाचा आपापला पॅव्हेलियन असतो आणि त्यात त्या देशानं आपली आजची कला मांडायची असते. एका देशानं म्हणे नुसता पंखा लावून ठेवला होता आणि लोक रांगेनं येऊन वारा घेऊन जात होते. आपल्या देशाचा पॅव्हेलियन यंदा तिच्याकडं आला होता. तिनं बराच विचार केला आणि ठरवलं की तिथं आमचा सोपा मांडायचा, जसाच्या तसा.

वडिलांना वाटलं, ही आपली चित्रं न्यायला आली. त्यांनी कपाटावरची गुंडाळी काढली, धूळ झटकली. ती म्हणाली, सर, भिंतीवरचं चित्र येणारच आहे की. वडिलांनी ते चित्र म्हणून ऐकलं, तिनं भिंतीवरची वस्तू म्हणून सांगितलं, आणि दोघंही खूश झाले. तिचे मदतनीस मात्र दुपारभर आईला विचारत होते, सोफा किधर है. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की कोल्हापूरहून सोपा न्यायचा आहे. आमच्या घरात सोफा नव्हता. आई त्यांना शेवटपर्यंत कॉट दाखवत राहिली.

सामान परत कधी मिळणार, एवढं एकच आईनं विचारलं. पावसाळा संपल्यावर, असं उत्तर मिळालं. मग आई कामाला लागली. न्यायच्या आदल्या दिवशी तिनं सोपा झाडला, पुसला, टीव्हीचं झाकण नीळ घालून धुतलं, शोकेसची काच पेपरनं घासून लख्ख केली. सकाळी चित्रकार बाई आली आणि मटकन उंबऱ्यावर बसली. "काकू, धूळ का काढलीत? मला ती धूळच पाहिजे होती." आईला हा अपमान वाटला. देशाच्या नावाखाली माझ्या घरची धूळ जगाला दाखवणार होतीस काय, असं तिनं तोंडावर विचारलं. पुढं ऐकलं की तिथं पोचल्यावर धूळ वेगळी टाकावी लागली. म्हणजे सामान आमचं आणि धूळ परदेशी.

शोकेसमधल्या फेट्यावरून थोडं झालं. चित्रकार बाईला तो सगळ्यात जास्त आवडला होता आणि वडील तो द्यायला तयार नव्हते. हा कुणाचा, असं तिनं विचारलं. दादांचा, माझ्या थोरल्या भावाचा, असं वडील म्हणाले. मग ते वापरत का नाहीत, असं तिनं विचारलं. वडील शोकेसचं कुलूप ओढून बघायला लागले. शेवटी शोकेस कुलपासकट गेलं आणि फेटा आत तसाच राहिला. खुंटीवरचा शर्टही गेला. संध्याकाळी वडिलांच्या लक्षात आलं की शर्टाच्या खिशात स्कूटरची किल्ली होती. दुसरी किल्ली करून घ्यायला पहिली लागते आणि पहिली देशाच्या कामाला गेली होती. वडील पायी हिंडायला लागले आणि आई स्कूटरवर पापड वाळत घालायला लागली.

सोपा रिकामा झाला. भिंतीवर घड्याळाचा गोल, चित्राचा चौकोन, शोकेसची उभी सावली, एवढंच राहिलं. शेजारणी एकेक करून येऊन गेल्या. त्यांना वाटलं, चोरी झाली. वडिलांनी सगळ्यांना सोपा परदेशी गेल्याचं सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली आणि आईला बाजूला घेऊन पोलिसांत कळवलंय का ते विचारलं.

मग पेपरवाला आला. तो घरी आल्याचा वडिलांना एवढा आनंद झाला की त्यांनी दोनदा चहा करायला लावला. पॅव्हेलियनला मराठीत काय म्हणायचं यावर त्यांनी फार विचार केला. पेठेत पॅव्हेलियन म्हणजे फुटबॉलच्या मैदानावर सावलीत बसायची जागा. सोपा तिथं कशाला नेला, असं कुणीतरी विचारलंच असतं. वडील मास्तर होते, शुद्ध शब्दाशिवाय त्यांना चैन नव्हती. ते म्हणाले, मंडप. दालन म्हणाले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक अक्षरांत आलं की कोल्हापूरचा सोपा देशाच्या मंडपात.

काकांनी ही बातमी बावड्यात न्हाव्याच्या दुकानात वाचली. एका गालाला साबण तसाच ठेवून ते निघाले, असं पुढं त्यांच्याच तोंडून ऐकलं. आमच्या दारात एम-एटीचा आवाज आला तसे वडील ताटावरून उठले. तो आवाज त्यांना शंभर गाड्यांतून ओळखू आला असता.

काका गाडीवरून उतरले होते, पण पायरीच्या अलीकडं थांबले होते. हातात पेपरची सुरळी होती.

"मंडप घातलासा म्हणं."

"आम्ही न्हाय, दादा. देशानं घातलाय."

"आवतण न्हाय, सांगणं न्हाय. थोरल्या भावानं पेपरात वाचायचं व्हय?"

वडिलांनी मग सगळं सांगायला सुरुवात केली. जगातले देश, त्यांचे पॅव्हेलियन, मागच्या खोलीतली मुलगी, सगळं. घाबरले की ते वर्गात शिकवल्यासारखं बोलायचे. काकांनी थोडा वेळ ऐकून घेतलं.

"सोपा गेला म्हंजे? म्हैस हाय व्हय सोपा, दावं सोडलं की जायाला?"

"बघा की तुम्हीच."

काकांनी पायरीच्या अलीकडूनच मान लांब करून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. गल्लीतली माणसं आपापल्या दारात आली होती. काकांना हिशेब समजायला वेळ लागला तरी एकदा समजला की तो पक्का असायचा.

"म्हंजे हितं सोपा न्हाय."

"न्हाय, दादा."

"तिकडं हाय."

"व्हय."

काकांनी गल्लीकडं एकदा नजर फिरवली, सगळे ऐकतायत ना हे बघितलं, चपला काढल्या आणि आत येऊन भिंतीला टेकून बसले. "पाणी आणा," म्हणाले. वडील स्वतः पाणी आणायला गेले आणि स्वयंपाकघरात तांब्या धरून रडत उभे राहिले. शेवटी पाणी मीच नेलं.

त्या रविवारपासून काका दर रविवारी यायला लागले. कधी उसाच्या कांड्या, कधी काकवी, कधी नुसतेच. लग्नाचा विषय कुणी काढत नव्हतं. आमच्यासाठी मात्र एक नवाच नियम झाला, तो म्हणजे ती खोली सोपा होता कामा नये. आईनं दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणायचं म्हटलं तर वडील हबकले. खुर्ची आली की सोपा झाला. मग किती वस्तू आल्या की सोपा होतो, यावर घरात रोज वाद. कॅलेंडर लावलं तर? एका कॅलेंडरनं होत नाही, पण कॅलेंडर आणि घड्याळ दोन्ही असलं की होतो, असा वडिलांचा निकाल. आईनं विचारलं, आणि मी तिथं तांदूळ निवडत बसले तर? वडील म्हणाले, तुला वस्तूंत धरायचं की नाही ते बघावं लागेल. आई त्या दिवशी जेवली नाही. शेवटी काका आले की घोंगडं अंथरायचं आणि गेले की गुंडाळून आत न्यायचं, असं ठरलं. मी तेव्हा बँकेत नुकती लागले होते. मला बघायला आलेले पावणेही त्या घोंगड्यावर बसले आणि परत फिरकले नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही, त्यातला एकही मला पसंत नव्हता.

मधे एकदा चित्रकार बाईनं फोटो पाठवला. आमचा सोपा, वर उंच पांढरं छत, आणि पुढं दोरी बांधलेली. दोरीच्या पलीकडं गोरी माणसं हात मागं बांधून उभी. एक म्हातारी बाई वाकून शोकेसमध्ये बघत होती. वडिलांनी भीत भीत तो फोटो काकांच्या हातात दिला. फोटोतला सोपा चालतो की नाही याबद्दल काही ठरलेलं नव्हतं. काकांनी चष्मा लावला.

"ही बाई काय बघालीया?"

"तुमचा फेटा," वडील म्हणाले.

काकांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"बघू दे," ते म्हणाले, आणि फोटो परत देताना त्यांनी तो आपल्या धोतराला पुसला.

पावसाळा संपला. प्रदर्शन मिटायची वेळ आली तसं वडिलांचं जेवण कमी झालं. चित्रकार बाईचा फोन आला की सामान निघतंय. वडील तिला म्हणाले, काही घाई नाही, तुम्हीच ठेवून घ्या, देशाची वस्तू आहे. तिकडच्या एखाद्या म्युझियमला विचारून बघते, असं ती म्हणाली. तेव्हा आईनं फोन हातातून काढून घेतला आणि टीव्ही माझ्या माहेरचा आहे एवढंच सांगून ठेवून दिला. म्युझियमनं पुढं काही कळवलं नाही.

पेट्या आल्या त्या ट्रकमधून. ट्रक गल्लीत शिरेना, म्हणून हातगाडीवरून आणल्या. पांढऱ्या प्लायच्या मोठमोठ्या पेट्या, वर परदेशी चिकटपट्ट्या, बाण आणि काचेच्या ग्लासाचं चित्र. घरात दुसरी जागा कुठं होती? रिकाम्या सोप्यातच भिंतीला लावून रचल्या. वडिलांनी एकही खिळा काढू दिला नाही. आई म्हणाली, निदान टीव्ही. मी म्हणाले, निदान किल्ली. वडील पेट्यांपुढं हात पसरून उभे राहिले. मला त्यांचा इतका राग आला होता की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. एक पेटी उघडली की कॉट येणार, कॉट आली की सोपा येणार, आणि सोपा आला की दादा जाणार. रागात असले तरी तेवढं मलाही कळत होतं.

रविवारी काका आले. पायरी चढताना त्यांना पेट्या दिसल्या.

"हे काय?"

वडिलांना खोटं बोलता यायचं नाही. "सोपा," ते म्हणाले.

काकांचा एक पाय आत होता आणि एक बाहेर. घोंगडं अंथरायला घेतलेली मी तशीच वाकून राहिले.

"उघाडलाय?"

"न्हाय, दादा. खिळा बी काढला न्हाय."

"मग अजून परवासात हाय म्हणायचं," काका म्हणाले आणि दुसरा पाय आत घेऊन घोंगड्यावर बसले.

आमचा सोपा असा दोन-तीन वर्षं प्रवासात राहिला, आमच्याच घरात. आम्ही स्वयंपाकघरात दुसरा टीव्ही घेतला. दिवाळीला आई पेट्यांवरून ओलं फडकं फिरवायची आणि पुढं रांगोळी काढायची. येणाऱ्याजाणाऱ्यांना मी सांगायची की हा सोपा आहे, तो अजून पोचायचा आहे.

मग काकांचे गुडघे गेले. आधी ते घोंगड्यावर बसताना भिंतीला धरायचे, मग वडिलांच्या खांद्याला धरायचे, आणि मग खाली बसणंच होईना. काही रविवार त्यांनी चहा उभ्यानं घेतला, पेटीला खांदा लावून. चहा संपेपर्यंत त्यांचे पाय थरथरायचे आणि आम्ही सगळे दुसरीकडं बघायचो. एका रविवारी ते आले नाहीत. पुढच्याही रविवारी नाहीत.

वडील बावड्याला जाऊन आले आणि चपला न काढता पेट्यांसमोर जमिनीवर बसले. एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवतो, तुम्ही या, असं ते म्हणाले होते. काकांनी मान हलवली होती. खुर्ची आली की सोपा झाला आणि मी गल्लीसमोर बोललोय, असं त्यांचं उत्तर होतं. हा नियम आपणच केला होता, हे वडिलांना आता कळत होतं. "दादा आता येणार नाहीत," ते मला म्हणाले. मला वाटलं, त्या पेट्या रस्त्यावर नेऊन पेटवून द्याव्यात.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी दारात रिक्षा थांबली. काका काठी टेकत उतरले. रिक्षावाल्यानं हात धरला तो त्यांनी झटकला. वडील पळत बाहेर गेले. काका पायऱ्या चढून आत आले आणि पेट्यांसमोर उभे राहिले. त्यांना धाप लागली होती. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि काठीचं टोक एका चिकटपट्टीवर ठेवलं.

"ह्यावर काय लिवलंय, वाच."

मी वाचलं. वर देशाचं नाव होतं, खाली नॅशनल पॅव्हेलियन असं होतं.

"पेपरात काय छापलं हुतं ह्याला?"

मी वडिलांकडं बघितलं. त्या एका शब्दानं एवढा घोळ केला होता की तो शब्द वडील पुन्हा कधी उच्चारत नव्हते. ते हळूच म्हणाले, "मंडप."

काका वळले. उघड्या दारात जाऊन, चौकटीला धरून, वजनकाट्यावरच्या आवाजात म्हणाले, "हितं सोपा न्हाय. देशाचा मंडप हाय." समोरच्या दारात दोन बायका भाजी निवडत होत्या, त्यांनी ऐकलं. पानपट्टीवाल्यानं ऐकलं. गल्लीनं ऐकलं म्हणजे झालं. मग ते आत फिरले आणि वडिलांना म्हणाले, "मंडपात बसायला माझी कवा ना हुती?"

वडिलांनी पकड आणली. ती माझ्या हातात दिली आणि खिळे मीच काढले. पहिल्या पेटीत कॉटचे पाय निघाले, दुसरीत घड्याळ आणि तो शर्ट. खिशात किल्ली वाजली, पण तिकडं कुणी बघितलं नाही. मग आजोबांची आरामखुर्ची निघाली, हाताला दोऱ्यानं पांढरं लेबल बांधलेली. आम्ही ती मधोमध मांडली. काका तिच्याजवळ गेले, पण बसले नाहीत. काठीवर भार देऊन उभे राहिले आणि त्यांनी एक हात आपल्या टकलावरून फिरवला.

वडिलांना कळलं. शोकेसची पेटी सगळ्यात खाली होती. वरच्या पेट्या त्यांनी एकट्यानं ओढल्या, मला हात लावू दिला नाही. शोकेसची किल्ली कुठं ठेवलीय ते आईला ठाऊक होतं. प्लॅस्टिकची पिशवी तशीच होती, फेटा तसाच होता, गुलाबी रंग जरासुद्धा उतरला नव्हता. त्यालाही एक लेबल होतं. वडिलांनी ते दातानं तोडलं.

वडिलांना फेटा बांधता येत नव्हता. त्यांनी तो काकांच्या डोक्याला गुंडाळला, सुटला, पुन्हा गुंडाळला. एक कान आत गेला, शेमला पाठीवर सोडायचा तो खांद्यावर आला. काका मान ताठ ठेवून उभे होते. बांधून झाल्यावर वडील खाली वाकले आणि त्यांनी भावाचे पाय धरले. काकांनी त्यांना उठवलं नाही, कारण त्यांना वाकता येत नव्हतं. नुसता हात त्यांच्या पाठीवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

मग ते आरामखुर्चीत बसले. थोरले दीर म्हणून आई स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती, पदर डोक्यावर घेऊन. काका तिच्याशी कधी थेट बोलत नसत, म्हणून ते माझ्याकडं बघून बोलले.

"आईला म्हण, वाढा. त्या दिवशीचं जेवान राहिलंय माझं."